बाटलीवरचं नाव

५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

परवा सोमवारी सकाळी मी दाढी केली, देवापुढे जरा वेळ डोळे मिटून बसलो, पलटणीतला जुना पट्टा कमरेला लावला आणि पेन्शन कचेरीत गेलो. पट्ट्याचं शेवटचं भोकही आता सैल पडतं. तुझी वहिनी म्हणाली, यापुढे दोरीच बांधा.

माझा अर्ज फेटाळला गेला. मूत्रपिंडाचा आजार नोकरीतच जडला, म्हणून अपंगत्वाची पेन्शन मिळावी, असं मी लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, शेवटच्या सात वर्षांतल्या सातही तपासण्यांत लघवी स्वच्छ आहे; आजार घरी आल्यावरचा. खिडकीवरचा कारकून तोंडाळ, पण मनाने वाईट नाही. म्हणाला, कागदावर तर तुम्ही घोडा आहात. मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून स्वतः उठला आणि मला आत साहेबांकडे घेऊन गेला.

आतल्या साहेबांनी वाट सांगितली. पलटणीच्या दवाखान्यातल्या कोणी लिहून दिलं, की दोष तेव्हाच दिसला होता पण डॉक्टरांनी नोंद केली नाही, तर प्रकरण पुन्हा उघडेल. पेन्शन झाली तर डायलिसिसचा भार हलका होईल आणि माझ्यामागे वहिनीला आधार राहील. एवढंच मला हवंय.

धाकटे, मी ड्रायव्हर आणि तुझा नवरा त्याच पलटणीत कंपाउंडर, हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. एकवीस वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत त्याने माझी लघवी नळीत घालून तापवली, तर नासलेल्या दुधासारखी फुटली, म्हणजे मूत्रपिंडात दोष. ते वर गेलं असतं तर माझ्या हातातली गाडी गेली असती आणि कोठारात घोंगड्या मोजत बसलो असतो. मी त्याच्या पाया पडलो. त्याने बाटली धुतली, स्वतःच्या लघवीने भरली आणि तिच्यावर माझं नाव चिकटवलं. पुढे मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तेच. तेव्हा अंगात काही जाणवत नव्हतं. वाटलं, चुकवलं.

त्याला विचार, आता काय करायचं. माझं डोकं चालत नाही.

तुझ्या मायेचा भुकेला,
दादा


११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी रडले, मग असा संताप आला की भांडी आपटून घासली. म्हणजे एका बाटलीवर माझं लग्न जमलं होय! तू घरी येऊन म्हणालास, मुलगा फार उपयोगी पडणारा आहे. आता कळलं, कोणाच्या उपयोगी.

यांना विचारलं तर चष्मा पुसत बसले. इतका वेळ पुसला, की काच झिजेल असं वाटलं. मग म्हणाले, तुझा भाऊ तेव्हा ढसाढसा रडला होता, आणि मला तुझ्या घरी मागणी घालायची होती. नाही कसं म्हणणार? त्या दिवसापासून औषधाच्या दुकानात कामाला जातात, येतात, जेवतात आणि पुन्हा चष्मा पुसत बसतात. अदलाबदल उघड झाली तर यांची स्वतःची पेन्शन जाईल, ही धास्ती आहे. मलाही आहे, खोटं कशाला बोलू?

पण साहेबांनी सांगितलेला कागद द्यायला हे तयार आहेत. डॉक्टरांचं तेवढं नाव येईल. दादा, ते वारले, त्याला नऊ वर्षं झाली. तू नको ते मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणीही दुसऱ्याची पेन्सिल चुकून घरी आली, की तू रात्रभर जागायचास. मला भाऊ हवाय, साधुपुरुष नकोय.

पाणी मोजून पितोस ना? वहिनीला नमस्कार.

रागावलेली, पण तुझीच,
धाकटी


१६ मार्च

प्रिय ड्रायव्हर,
स. न. वि. वि.

सोबत कागद आहे, सही केली आहे. दोष मी पाहिला, डॉक्टरसाहेबांना सांगितला, त्यांनी दुर्लक्ष केलं, असं लिहिलंय. पहिली गोष्ट खरी आहे, तेवढ्यावर समाधान मान.

तुला राग येईल, पण सांगतो. तू पाया पडलास, तरी कंपाउंडर मी होतो. रोग काय आहे ते तुला कळत नव्हतं, मला थोडंफार कळत होतं. दर वर्षी बाटली भरताना वाटायचं, या वर्षी नाही म्हणू. मग तू गाडीचं बोनेट पुसत शीळ घालताना दिसायचास.

कागद लवकर दे. उशीर करून आणखी पाप चढवू नकोस माझ्यावर.

तुझा मेहुणा म्हण, मित्र म्हण,
कंपाउंडर


२७ मार्च

प्रिय कंपाउंडरास,
स. न. वि. वि.

पत्र मिळून आठवडा झाला. कागद मी देवाच्या तसबिरीमागे ठेवला होता. रोज हात जोडायचो आणि नजर तिकडेच जायची. प्रार्थना काही होईना.

तुला एक कधी सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी डॉक्टरसाहेबांना माझे बूट घट्ट झालेले दिसले. त्यांनी मला बाजूला नेऊन विचारलं, पाय सुजतात का, काही लपवतोयस का? मी म्हटलं, बूट नवे आहेत साहेब. त्यांनी अंगठ्याने नडगी दाबून पाहिली. खळगा पडला. तरी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा नाहीच म्हटलं. मग त्यांनी तुझी बाटली मागवून पाहिली. ती स्वच्छ होती. त्या माणसाने दुर्लक्ष केलं असं मी कसं लिहू देऊ?

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मेलेल्या माणसाची अब्रू जपायला निघालात, माझं काय? तिचं चुकलं नाही. दोन दिवस आम्ही ताटापुरतं बोललो. शुक्रवारी डायलिसिसच्या खाटेवर नर्स सुई टोचत असताना तिने माझा दुसरा हात धरला आणि म्हणाली, जे द्यायचं ते द्या, पण एकदाचं द्या. मला हे रोजचं बघवत नाही.

काल ती माझ्याबरोबर कचेरीत आली, पण आत आली नाही, बाकावर बसली. मी माझ्या हाताने लिहिलेला अर्ज कारकुनाला दिला. सातही बाटल्या माझ्या नव्हत्या, आजार लपवला तो मी, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो तोही मी, असं लिहिलं आहे. त्याने उभ्याउभ्याच वाचलं आणि हळूच विचारलं, मग बाटल्या कोणाच्या? म्हटलं, मी माझ्यापुरतं लिहिलंय. तो म्हणाला, साक्षीदाराशिवाय हे टिकणार नाही, शिवाय उलट चौकशी लागेल. अजून वेळ आहे, घेऊन जा. चांगल्या मनाने म्हणाला.

तुझा कागद माझ्या खिशात होता. तो या पत्रासोबत परत पाठवतोय, जाळून टाक. धाकटीला सांग, चिडायचं तेवढं चिड, पण पत्र पाठव.

अर्ज मी परत घेतला नाही. शिक्का मारायला लावला, पोच घेतली आणि बाहेर आलो.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तुमचाही राहू द्या.

तुझा,
ड्रायव्हर