नोलनच्या नावाचा बेडूक

२६ एप्रिल, रविवार. चर्चहून आल्यावर.
तारीख रेडिओवाल्याने सांगितली, तीच मी सांगतेय. ही रोजनिशी कुणी वाचायची नाही. मीसुद्धा नाही, कारण मला अक्षर येत नाही आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यावाचून काही अडलेलं नाही. फोनवरचा लाल ठिपका दाबायचा, बोलायचं, पुन्हा दाबायचा. झाली रोजनिशी.

फोन ईस्टरला नोलनने आणला. माझा मुलगा. कुणाचा फोन आलाय ते मला वाचता येणार नाही म्हणून त्याने प्रत्येकाला वेगळा आवाज लावून दिला. बहीण व्हर्नाला कोंबडी. फादरना घंटा. शेजारच्या लुरलीनला तिचंच हसणं. आणि स्वतःला आमच्या कोळंबीच्या बोटीचा भोंगा, धक्क्यावर जाऊन फोनमध्ये भरून आणलेला. ओव्हीडची बोट. नवरा गेला, बोट राहिली.

मग जेवताना म्हणाला, "आई, बोट विकूया. मी समुद्रात तेलाच्या रिगवर असतो, बघणार कोण?" मी म्हटलं, "मग मलाही वीक. आणि तोंड दाखवू नकोस."
दोन आठवडे झाले. घरात छान शांतता आहे.

२ मे, शनिवार.
व्हर्नाची कोंबडी वाजली. गिऱ्हाईक मिळालंय म्हणे, अठरा तारखेला कोळंबीचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्याला कागद हवाय. पण आईचं हो की नाही कळल्याशिवाय नोलन सही करणार नाही. मग विचारावं की त्याने. मी आपणहून फोन करणार नाही, हे तत्त्व आहे. त्याचा आला तर उचलेन. तिसऱ्या रिंगला. पहिल्या दोन त्याला घाम फुटायला. मग सांगेन, नाही म्हणून.

५ मे, मंगळवार. मी नोलनच्या फोनची मुळीच वाट बघत नाहीये. मला कामं आहेत. आजचं काम म्हणजे, बोट विकायला निघालेल्या माणसाला बोटीचा भोंगा शोभत नाही. त्याला बेडूक लावायचा. लुरलीनने घरामागच्या बायूच्या, म्हणजे आमच्या संथ खाडीच्या, काठावरून दुपारी मोठ्या थोरल्या बेडकाचा आवाज माझ्या फोनमध्ये भरून आणला. म्हणाली, "अगं, नीट ऐक. आवाज असो की तुझं बोलणं, भरलेलं सगळं एकाच यादीत जातं. सगळ्यात नवं ते सगळ्यात वर. नोलन नावांत वरून चौथा. त्याच्यावर दाब, मग यादीतलं सगळ्यात वरचं दाब. की मीच लावू?" मी म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे? एवढं बोलून झालं की लावतेच.

६ मे, बुधवार.
लावला. चौथा माणूस, सगळ्यात वरचा आवाज. शाळेत दोनच दिवस गेले होते, तरी.

७ मे, गुरुवार. संध्याकाळ.
बेडूक वाजला! अंगणातून आत आले, तीन पायऱ्या, गुडघा. फोन गप्प. बेडूक खरा होता. मागे पाण्यात त्यांची ग्रामसभा भरलेली असते, हे मला ठाऊक होतं. मी फोनसाठी आले नव्हते. गॅस बंद आहे का ते बघायला आले होते.
संध्याकाळभरात गॅस पाच वेळा बघितला.

१० मे, रविवार. मातृदिन.
फोन बिघडला. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकून चिडीचूप, आणि पर्समधून माझाच आवाज, खणखणीत: "५ मे, मंगळवार. मी नोलनच्या फोनची मुळीच वाट बघत नाहीये." लाल बटण दाबलं. पुन्हा सुरू: "५ मे, मंगळवार." पुन्हा दाबलं. लुरलीन रुमालात तोंड खुपसून हलत होती. बाहेर आल्यावर फादर म्हणाले, "ओडील, वाट बघत नाहीस हे देवाला समजलं. गावालाही."
नोलनचा फोन नाही. मातृदिनालासुद्धा. दिवसभरात बेडूक एकदाही वाजला नाही. म्हणजे बाहेरचे वाजले, घरचा नाही. कोळंबीचा रस्सा, गंबो, दोघांपुरता झाला होता, चुकून.

१३ मे, बुधवार.
कोंबडी ठीक, घंटा ठीक, फक्त रोजनिशीला वेड लागलंय. वेळी-अवेळी तेच वाक्य. फोन बोलायला लागला की काचेवर पाच इंग्रजी अक्षरं येतात, पाच मुंग्यांसारखी. बिघाडाचं नाव असणार. आता मी त्याला "५ मे"च्या पुढे जाऊच देत नाही.

१५ मे, शुक्रवार.
दुपारी फोन बडबडला. दाबला. संध्याकाळी बेडूक. उठले. बसले. गुडघा सुजलाय. मुलगा असा दगड निघेल असं वाटलं नव्हतं.

१७ मे, रविवार.
लुरलीन राजमा-भात घेऊन आली. तेवढ्यात फोनला वेड लागलं. मी लाल बटणाकडे बोट नेलं तर तिने फोन हिसकावला. "अगं बाई, हा नोलन आहे! हे काय लिहिलंय, नोलन! तू बेडूक नाही, तुझी रोजनिशी लावलीस त्याला!" आणि हिरवं दाबून माझ्या कानाला लावला.

नोलन म्हणाला, "उचललास एकदाचा."
मी म्हटलं, तू करतोस कुठे?
"मातृदिनाला चारदा केला. सगळे मिळून अकरा वेळा कापलास, आई. शुक्रवारी शेवटचं विचारायला केला, तोही. मग मी समजलो."
"काय समजलास?"
"की तुला हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही, तुला माझ्याशी बोलायचंच नाहीये. सही करून टाकली. पुलापलीकडच्या टेरिओने घेतली."
मी म्हटलं, बरं केलंस. लाकूड कुजलंच होतं.
लाकूड कुजलं नव्हतं.
म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ?" मी म्हटलं, ये. मी काही वाट बघणार नाही. लुरलीन छताकडे बघत होती.
तिने त्याला परत भोंगा लावून दिला. मी राजमा-भात वाढायला घेतला.

१८ मे, सोमवार. उजाडताना.
हंगाम सुरू झाला. भोंगा वाजला. गुडघा विसरून पोचले, तिसरी रिंग वगैरे काही नाही, हिरवं दाबलं, म्हटलं, "बोल, नोलन." पुन्हा म्हटलं. काचेवर मुंग्या नव्हत्या.
खिडकीबाहेर बायूतून ओव्हीडची बोट चालली होती, टेरिओ चाकावर. मला बघून त्याने आणखी एकदा वाजवला. भला माणूस आहे. मीही हात केला, फोन हातातच होता.
रोज याच वेळी जाणार म्हणे.
लुरलीनने विचारलं तर सांगायचं, गॅस बघायला उठले होते.