पावडरच्या जाहिरातीतली डावी बाजू

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन,
पालघर.

अर्जदार : शितल काकड्या धोडी, रा. झरी, ता. तलासरी.

विषय : जाहिरातीच्या कामासाठी माझ्या धाकट्या बहिणीला नेण्यास कंपनीला मनाई करण्याबाबत.

संदर्भ : कंपनीकडे दिलेला माझा तक्रार अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

सविनय कळविते की, मी तलासरीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. तेथे गोरेपणाच्या क्रीममध्ये घालायची पावडर तयार होते. ती दुकानात मिळत नाही, क्रीम बनवणाऱ्या कंपन्या ती पिंपाने घेतात. त्या कंपन्यांना दाखवण्यासाठी आमचे साहेब श्री. शैलेश यांनी माझा फोटो काढला. मला मात्र ओळखपत्रासाठी असे सांगितले. मोठा फलक छापताना माझ्या चेहऱ्याची डावी बाजू काळी करून तिच्यावर डाग रंगवले व खाली 'आधी' लिहिले. उजवी बाजू उजळवून 'नंतर' लिहिले.

मुंबईच्या प्रदर्शनात मला त्याच फलकाशेजारी चहा द्यायला उभे केले. वापीच्या एका खरेदीदाराने फलक पाहिला, मग माझी हनुवटी बोटाने वर केली आणि म्हणाला, "आ तो हजी एवी ज छे!" ही तर अजून तशीच आहे, असा त्याचा अर्थ. सगळे हसले. साहेबही हसले. माझ्या हातात ट्रे होता, त्यामुळे तोंड झाकता आले नाही.

परत आल्यावर साहेबांनी मला काहीही न मिसळलेली पावडर पुडीत बांधून दिली. "रोज लाव. पुढच्या वेळी तुझ्यामुळे माझी इज्जत जायला नको."

"साहेब, हिला तर हातमोज्याशिवाय हात लावू देत नाहीत," मी म्हणाले.

"एवढी नाजूक कधीपासून झालीस?"

नोकरी जाईल म्हणून मी लावली. आपणांस खोटे लिहीत नाही, उजव्या बाजूसारखी दिसेन असेही मनात आले होते.

चेहऱ्याची कातडी सोलून निघाली व डाग पडले. हे डाग जाणार नाहीत, असे डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितले. कामावर गेले तर रखवालदाराने फाटकातच अडवले. मला पाहून बाकीच्या बायका घाबरतील, असा साहेबांचा आतून निरोप आला.

मागच्या आठवड्यात साहेब स्वतः झरीला आमच्या घरी आले. विचारपूस करायला आले असे वाटून आई नवशीने खाट टाकली, चहा ठेवला. ते माझ्याकडे पाठ करून बसले आणि माझी धाकटी बहीण जमना हिला निरखून आईला म्हणाले, "हिचा चेहरा हुबेहूब तिच्यासारखा आहे. नवा फलक छापायला नको. जुन्याशेजारी हिलाच उभी करू." जाताना जमनाच्या हातात पुडी दिली.

मी ती हिसकावू लागले तेव्हा जमना म्हणाली, "ताई, तुला नीट लावता आली नाही."

ती माझ्याशी बोलत नाही. येत्या सोमवारी तिला न्यायला गाडी येणार आहे. तरी त्यापूर्वी कृपया आदेश व्हावेत.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,
शितल काकड्या धोडी
झरी, दि. १६/०१/२०२५

सोबत : १) फलकाचे छायाचित्र. २) डॉक्टरांचा कागद. ३) माझा सध्याचा फोटो जोडलेला नाही. बोलावल्यास समक्ष येईन.