वहिनीच्या साडीचा रंग

इचलकरंजी
३ ऑगस्ट २०२५

ती. विद्याधरदादास,
वसूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही, तू लगेच गप्प बसतोस. म्हणून पत्र. अविधवा नवमीला हेमलतावहिनीच्या नावाने सवाष्ण म्हणून मीच जेवायला यावं, असं तू कळवलंस. मी एवढंच म्हटलं, की तिला आवडायचा त्या रंगाची साडी घे. तर तू म्हणालास, कोणता ते आठवत नाही.

बेचाळीस वर्षांचा संसार, दादा, आणि एक रंग आठवू नये? पौषात ती गेली आणि पंधरा दिवसांत तू कपाटभर साड्या कामवालीला देऊन मोकळा झालास. तेव्हा मी गिळलं, आता गिळवत नाही. मी काही येणार नाही. सवाष्ण तिकडेच शोध.

ह्यांचा गुडघा बरा आहे. रागावले आहे, तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
वसू

---

सर्जापूर रोड, बंगळूर
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वसूस,
अ. उ. आ.

तुझा राग रास्त आहे. पण आधी ऐक.

साडीसाठी मी चिकपेटला नरसिंहरावांच्या दुकानात गेलो. तुझी वहिनी त्यांच्याकडूनच साड्या घ्यायची. त्यांनी तीसेक साड्या पसरल्या आणि अक्कांना कुठला रंग शोभायचा, असं विचारलं. स्वल्प, जरा डोळे मिटा अण्णा, अक्का आपोआप दिसतील, असं म्हणाले. मी मिटले. नुसता काळोख, वसू. मी तसाच परत आलो.

ईशान होसकोट्याच्या कारखान्यातून आल्यावर त्याला विचारलं. त्याला आई अजून ओट्याशी उभी दिसते, पिठाच्या हातांनी केस मागे सारताना. मी हबकलो. लोक म्हणतात, अमकी डोळ्यांसमोर उभी राहते, ती बोलायची रीत असेल असं मी एकाहत्तर वर्षं धरून चाललो होतो.

त्याने मला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आजार नाही. काहींच्या मेंदूत चित्रं उमटतच नाहीत. अशी माणसं शब्दांनी, क्रमाने, कशामागून काय आलं असा विचार करतात. मला नोकरीतलं आठवलं. बाकीचे इंजिनिअर डोळे मिटून मशीन फिरवून बघायचे, मला ड्रॉइंग समोर लागायचं आणि मग पायऱ्या लिहून काढायच्या. माझं काम कधी अडलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

साड्या दिल्या, कारण कपाट उघडलं की मला नुसतं कापड दिसायचं. तुम्हाला ती दिसली असती. फोटो समोर आहे तोवर ती आहे, पाठ वळवली की नाही. ईशान आठला येतो. तोवर मी फोटोसमोरची खुर्ची सोडत नाही. फार एकटं वाटतं.

तू न आलीस तरी आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

---

इचलकरंजी
२२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. लहानपणी भुताच्या गोष्टींना तू कधी घाबरला नाहीस, म्हणून तुला शूर समजत होते. त्या शौर्याचं गुपित आता कळलं.

एक सांगते. फार वर्षांपूर्वी चिकपेटच्या गर्दीत तुमची चुकामूक झाली होती. तू पोलिसाला वहिनीचं नाव, उंची, वय सगळं सांगितलंस, पण साडी कुठली ते सांगता येईना. तेव्हापासून बाहेर पडताना उंबऱ्यात उभी राहून ती तुला सांगायची, आज जांभळी नेसलेय, काठ मोतिया. मला वाटायचं, कौतुक करून घ्यायची हौस. एकदा चिडवलं, तर म्हणाली, त्यांना सांगावं लागतं, मनात राहत नाही त्यांच्या. तिला माहीत होतं, दादा. तुझ्याआधी.

मी येतेय. तेरा तारखेची गाडी आहे. साडी कुठलीही घे.

राग संपला, माया आहे तशीच आहे.

तुझी,
वसू

---

बंगळूर
१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वसूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. ती उंबऱ्यात काय काय म्हणाली, ते सगळं माझ्याजवळ आहे, क्रमाने, तिच्याच शब्दांत. त्यातला आवडता रंग कोणता आणि ती हे का सांगते, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही.

पौषातल्या त्या ऑपरेशनच्या सकाळी तिला आत न्यायच्या आधी नर्सने कपडे बदलले. हिने मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज नीट फुटत नव्हता. म्हणाली, हिरवा गाऊन घातलाय, दवाखान्याचा, बाहेर आणतील तेव्हा लक्ष ठेवा. मी म्हणालो, उगाच बोलून दमू नकोस.

बाहेर आणलं तेव्हा अंगावर पांढरी चादर होती.

काल नरसिंहरावांकडून हिरवी साडी आणली. ये, पण घरात येण्याआधी उंबऱ्यात जरा थांब आणि काय नेसली आहेस ते मला सांग. फार दिवसांत कुणी सांगितलं नाही.

वाट पाहणारा,
दादा