भिंगरीचा पिक्चर आणि तुझं स्टूल

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो विचारल्याशिवायच बोलतो म्हणून मी त्याला विचारत नाही. तुझी पाठ कशी आहे ते कळव. तुझ्या बायकोची तब्येत विचारत नाही, तुझ्यासोबत इतकी वर्षं काढली म्हणजे ती लोखंडाचीच असणार. खरं तर फोनच करणार होते, पण लेकीचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. कागदाचं तसं नाही, तो वाचावा लागतो. (फाडू नकोस. फाडलास तर दुसरा पाठवीन, आणि तो याहून लांब असेल.)

तर विषय तोच. तुझ्या भिंगरीवर पिक्चर निघालाय. डॉक्युमेंटरी म्हणतात त्याला. म्हणजे नाचगाणं नाही म्हणून सिनेमा नाही, आणि भांडण नाही म्हणून बातम्या नाहीत. एक बाई चालते, मागून काहीतरी वाजत राहतं, मग ती बाई बसते. तुला बघ म्हटलं तर तू म्हणालास, असली थेरं बघायला मला वेळ नाही. (रिटायर माणसाला वेळ नाही हे मी पहिल्यांदाच ऐकलं.) म्हणून काय झालं ते मीच सांगते. मला कौतुक आहे असं समजू नकोस. अभिमान-बिभिमान तर नाहीच नाही. पक्की नोकरी सोडून लोकांना घर कसं लावायचं ते शिकवायचं आणि डबे, दिवे, चादरी विकायच्या, हा काय धंदा झाला, असं तू ओरडलास तेव्हा मीसुद्धा मान हलवली होती. पण आपल्या घरातलं माणूस पडद्यावर येतंय म्हटल्यावर बघायला तर पाहिजे. आमच्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे आमची सूनबाई, खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई, शाळेतून रिटायर झालेल्या हेडबाई आणि समोरचे दातांचे डॉक्टर. चहा शेवटी मिळेल हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर लोक चहा पितात आणि उठतात.

पिक्चर सुरू झाला तर पांढरंशुभ्र स्वयंपाकघर आणि ओट्यावर एक लिंबू. एकच. दुसरं काही म्हणजे काही नाही. भिंगरी त्या लिंबाकडे बघते आणि म्हणते, घराला श्वास घेऊ द्या. (आमचं घर श्वास घेत नाही, खोकतं.) हेडबाई लगेच म्हणाल्या, "इतकी टापटीप म्हणजे एक प्रकारचा आजारच असतो हो." मी म्हटलं, "तुमच्याकडे त्याची लागण झालेली नाही, मी बघून आलेय." डॉक्टर म्हणाले, हिनं जन्मात कधी भांडं घासलं असेल का? मी उठून पंखा बंद केला. माझ्या भाचीला नावं ठेवायची तर घाम गाळून ठेवा. शिंपीणबाईचं लक्ष मात्र दुसरीकडेच. पडद्यावरच्या उशीवर डोळे लावून बसलेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "शिवण सरळ आहे." या बाईनं आजपर्यंत दुसऱ्या कोणाच्या शिवणीला सरळ म्हटलेलं नाही. मी पंखा एकावर लावला.

मग तिचा कारखाना दाखवला. पट्ट्यावरून डबे येतायत, बायका खोक्यांत भरतायत, ही कोणाशी तरी बोलत चाललीय आणि चालता चालता थांबली. एक झाकण नीट बसलं नव्हतं. नुसत्या आवाजावरून ओळखलं तिनं! पट्टा थांबवला, बाह्या वर केल्या, झाकण काढलं, बसवलं, परत काढलं. आणि कपाळावर ती आठी. धाकट्या, ती आठी तुझी आहे. डेपोच्या वर्कशॉपमध्ये बसच्या इंजिनात डोकं घातलंस की यायची, तीच. तोंडसुद्धा तसंच एका बाजूला वाकडं. मी सगळ्यांना सांगितलं, हे बघा, हे आमच्याकडून गेलंय. (मला कौतुक नाही हे वर लिहिलंच आहे.)

आता मुख्य गोष्ट. पिक्चर काढणारा तिला विचारतो, घरात सगळं इतकं देखणं आहे, मग कोपऱ्यातलं ते काय? कॅमेरा तिकडे वळला आणि बघते तर तुझं स्टूल! खोक्याच्या फळ्यांचं, तू तिला अभ्यासाला बसायला केलेलं, जे काखेत मारून ती त्या भांडणाच्या दिवशी तुझ्या दारातून बाहेर पडली, ते. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. ती म्हणाली, "ते राहू दे. वडिलांनी केलंय. एक पाय आखूड आहे." आणि हसली, आणि उठून आत गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. हेडबाईंनी चष्मा पुसला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "डिझायनर दिसतंय. मुद्दाम आखूड ठेवतात." पंखा परत बंद.

पण लोकांनी तसंच धरलंय बघ. पिक्चरच्या खाली, मोबाइलवर, बघणारे आपापलं मत लिहितात. निम्मे म्हणतात बाई नखरेल, निम्मे म्हणतात बाई देवी, आणि दोन्हीकडचे विचारतात स्टूल कुठं मिळेल. आमच्या डॉक्टरांनी तर दवाखान्यातल्या आपल्या स्टुलाचा एक पाय कापून घेतला. पहिल्याच दिवशी पेशंटच्या तोंडात बोटं असताना कलंडले. पेशंट घाबरून चावला. आता हाताला पट्टी आहे. मी विचारपूस करायला मुद्दाम जाऊन आले.

ज्यांनी वाकडं लिहिलं त्यांना मी सोडलं नाही. चौथीत शाळा सुटली असली तरी बोलणं सुटलेलं नाही, आणि आता फोनपुढे बोललं की तोच लिहून घेतो. एकानं लिहिलं, हिनं कधी झाडू हातात धरलाय का? मी सांगितलं, धरलाय, ये, दाखवते. असं सगळ्यांना पुरून उरले. आता ती उत्तरं सूनबाईच्या फोनवरून, म्हणजे तिच्याच नावानं आणि तिच्या हसऱ्या फोटोसकट गेली, हे मला कोणी सांगितलं होतं का? झाडूवाला तिच्या ऑफिसातला साहेब निघाला. सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण साहेब आता तिच्याशी फार अदबीनं बोलतो म्हणे, त्यामुळे तिनंच विषय मिटवला.

असो. पिक्चर ठीक आहे. तू बघितला नाहीस तर आभाळ कोसळत नाही. पाठीला जप, जड उचलू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. : रविवारी सकाळी मी येतेय. घरी राहा आणि दार उघड. मी एकटी येत नाहीय.

दुसरा ता. क. : लोकांना उत्तरं देता देता एक मत सापडलं. फोटोच्या जागी पाना. नाव 'एक प्रेक्षक'. लिहिलंय, "पाय आखूड नाही. फरशी वाकडी आहे. नीट बघून बोलावं." इतक्या लोकांनी त्या स्टुलावर लिहिलं, पण फरशीला दोष देणारा हा एकच. आणि हे वाक्य मी स्टूल झालं त्या दिवसापासून एकाच तोंडातून ऐकतेय. वेळ नाही म्हणे! पुढचं तुला माहीत नसणार, कारण बोलून झालं की पाठ फिरवायची तुझी जुनी सवय. त्या मताखाली उत्तर आलंय. भिंगरीनं दुसऱ्या कोणालाच उत्तर दिलेलं नाही, फक्त या पान्याला दिलंय. लिहिलंय, "स्टूल तुमच्या फरशीवर आणून ठेवते. बघू कोण वाकडं आहे." तेवढ्यासाठी हे पत्र. बाकीचं पान भरायला लिहिलं.

तिसरा ता. क. : मी पिक्चर किती वेळा बघितला हे सूनबाईला विचारू नकोस, ती वाढवून सांगते. आणि पाय आखूडच आहे. मी ते स्टूल तुझ्या घरात, माझ्या घरात, गच्चीवर, सगळीकडे ठेवून बसलेली आहे, ते सगळीकडे डुगडुगतं. पण रविवारी मी तोंड उघडणार नाही. पुठ्ठ्याची घडी पिशवीत घालून आणतेय. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत असाल, तेवढ्यात सरकवीन.