तीन शर्टांची सकाळ

२९ मे
मलकापूर. प्रवीणच्या दुकानापुढे सकाळपासून बियाण्याची रांग, पार बसस्टँडच्या वळणापर्यंत. सगळ्यांना कपाशीचं तेच एक बीटी वाण पाहिजे, गेल्या साली कोणाच्या तरी वावरात छातीला लागलं म्हणून. ऊन असं की माणसं सावलीत आणि रांगेत नुसत्या चपला. धामणगावकडचा एक म्हातारा आपली चप्पल हळूच पुढे सरकवताना सापडला. प्र. काउंटरवरून उडी मारून खाली. हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा. म्हाताऱ्याच्या खांद्यावर दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. रांग एकदम सरळ झाली.

मी आत चहा पीत होतो. रोहिणखेडचं माझं कृषी केंद्र म्हणजे नावाला केंद्र, माल सगळा प्र.कडूनच उचलतो. खरं लिहितो, मनात आलं ते हेच की गडी खमक्या आहे. आपली बहीण वंदी याच्या घरात पडली तर तिला कोणी वाकडं बोलायची हिंमत करणार नाही.

घरी आल्यावर मायजवळ विषय काढला.

१४ जुलै
सुपारी फुटली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. बाबा असते तर आज...

वं.ने दिवसभरात एकच गोष्ट विचारली. भांडी विसळता विसळता. "दादा, तो चिडखोर तं नाई ना?"
"धंद्यापुरता," म्हटलं.
ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. बहीण माझी असली तरी तिच्या पोटातलं मला कधी कळलं नाही.

आणखी एक. बियाणे कंपनीचं टार्गेट पूर्ण. प्र.च्या जोरावर कंपनीच्या फुकट सहलीत माझंही नाव लागलं. बँकॉक-पट्टाया! नंदा गावभर सांगून आली, आमचे हे विमानात बसणार.

२ ऑगस्ट
पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखा दिसतो. मोताळ्याचे रफीकभाई (खत-औषधवाले, ही त्यांची तिसरी सहल) दुकानात येऊन शिकवून गेले. बनियनला आतून खिसा शिवून घे, पासपोर्ट त्यात. पाणी सीलबंद बाटलीचंच. खिचडीचं पाकीट आणि बिजलीची छोटी किटली घे, तिथलं खाणं आपल्याला सोसत नाही.

"और राजूभाई," जाता जाता म्हणाले, "तिथं आपल्या लोकायपासून जरा दूर राह्यजो. इथं बायकोसमोर मान खाली घालनारे तिथं जनावर होतेत."
मी हसलो. म्हातारा उगाच भाव खातो असं वाटलं.

९ सप्टेंबर
बँकॉक. विमानात झोप नाही. उतरल्यावर विमानतळाच्या बाथरूममध्ये घाईघाईत दाढी केली, हनुवटी कापली. रक्त थांबेना म्हणून कागदाचा तुकडा चिकटवला.

बसमध्ये कंपनीचे मॅनेजर साहेब उठून म्हणाले, "तीन दिवसांचे तीन शर्ट वर काढून ठेवा." मला वाटलं कार्यक्रम असेल. तसं नव्हतं. एकच देऊळ, त्याच्याच मागची बाग आणि फाटकावरचा हत्ती. देवळापुढे पहिला शर्ट, फोटो. बसचे पडदे लावून शर्ट बदलले. बागेत दुसरा. परत पडदे. हत्तीजवळ तिसरा. वयानं बाप असलेली माणसं उघड्या अंगानं बसमध्ये पोरांसारखी खिदळत होती. फोटोग्राफर बरोबरच आणलेला. अल्बम घरपोच जाणार, बायको खुश.

"झालं बँकॉक," साहेब म्हणाले. "आता पट्टाया." बस शिट्ट्यांनी दणाणली.

वाटेत सूचना. सोन्याच्या साखळ्या तिजोरीत ठेवा. रबर वापरा. बाईचा पासपोर्ट नाही, तिचं ओळखीचं कार्ड हॉटेलात खाली काउंटरवर जमा होतं, ते न करता वर नेऊ नका. पाणी कसं प्यायचं ते सांगितलं त्याच आवाजात.

१० सप्टेंबर
काल मीही गेलो. हे इथं लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार. काचेमागे पायऱ्यांवर बायका बसवलेल्या, छातीला बिल्ले. आमच्या शोकेसमध्ये पाकिटं लावतो तशा. प्र. म्हणाला, "निवड बे, लाजतं काय. टार्गेट तूच पुरं केलं ना!"

माझ्यासोबत आली ती नंदापेक्षा मोठी असावी. नंतर तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. भाताचं वावर, म्हैस, म्हातारी आई. म्हशीच्या फोटोवर मी मान हलवली, आमच्याकडेही आहे असं खुणेनं सांगितलं. ती हसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. गेलो नाही.

११ सप्टेंबर


दुपारी पाऊस. प्र. आणि मी एका खोलीत. त्यानं एकीला वर आणलं आणि मला म्हणाला, खाली बस जाऊन. मी छत्री विसरलो म्हणून परत वर गेलो. दाराबाहेरूनच आवाज ऐकू आला. खोलीचं कार्ड लावून दार उघडलं.

ती पलंग आणि भिंतीच्या फटीत कोंबलेली. तोंडातून रक्त. प्र.च्या उजव्या हाताला पट्टा गुंडाळलेला, बक्कल लोंबतं. तिनं रबराशिवाय नाही म्हटलं, एवढंच. डाव्या हाताला तिनं कडकडून चावलं होतं, ते रक्त चादरीवर. माझ्यासमोर त्यानं आणखी दोनदा हाणला. एक डोक्यात.

"तू भाईर हो बे! माहे पैसे लागले हिच्यावर!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर आलो. हॉटेलची दारं आपोआप लागतात. मी दार लावलं नाही असं लिहिणार होतो, पण पायानं अडवता आलं असतं.

मग पळालो. रफीकभाई आपल्या खोलीत खिचडी शिजवत होते. एक शब्द ऐकला आणि तशीच किटली हातात घेऊन धावले. दार मी उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही, उकळती खिचडी प्र.च्या पाठीवर ओतली आणि रिकामी किटली तोंडावर मारली. प्र. डुकरासारखा ओरडला. तेवढ्यात हॉटेलचे पहारेकरी आले. कोण कोणाचं ते कोण पाहतं, तिघांनाही जिन्यावरून लाथा मारत खाली आणलं. माझ्या कानात अजून शिट्टी वाजते.

तिला एका चादरीत घेऊन गेले. कुठे, माहीत नाही. विचारलं नाही.

१२ सप्टेंबर
परतीची बस. साहेबांनी मिटवलं. कसं ते विचारायचं नाही. आता सगळ्यांची गोष्ट एकच: शेवटच्या दिवशी प्र.चा हात बोटीच्या दोरात अडकला, पाठीवर चहा सांडला. बसमध्ये शेगावचा प्रसाद फिरवला, प्रत्येकानं हात लावून शपथ घ्यायची. मी लावला. ताट रफीकभाईंपुढे आलं तेव्हा ते म्हणाले, "मैं किसी से बोलूंगा नहीं. मगर झूठी कसम का मामला तुम लोगों का."
बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. मीही नाही.

१५ सप्टेंबर
मलकापूर स्टेशनवर हार, फटाके. चौकात फ्लेक्स: 'परदेश दौरा यशस्वी'. त्यावर माझा चोरासारखा फोटो.
नंदानं विचारलं, काय काय पाहिलं. देवळं, म्हटलं.

७ ऑक्टोबर
प्र. घरी येऊन गेला. वं.ला अत्तर, मायला मफलर. हाताला अजून पट्टी. बोटीची गोष्ट इतकी झकास रंगवून सांगितली की मायचा जीव कळवळला. मला क्षणभर वाटलं, झालीच असेल बोट.
वं. पट्टीकडे पाहत होती.

१९ ऑक्टोबर
अल्बम आला. जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरं. नंदा आणि वं. दोघी ओसरीत घेऊन बसल्या. मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर हसण्याचा आवाज बंद.

वं.नं तीन फोटो शेजारी शेजारी मांडले होते. खाली छापलेलं: पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. पांढरा शर्ट, चौकड्याचा शर्ट, पिवळा शर्ट.
"दादा," ती म्हणाली, "तिन्ही दिवस तू हनुवटीले एकच कागद चिकटवून फिरला काय?"

तिन्ही फोटोंत तो तुकडा. तिरपा, खालच्या टोकाला रक्ताचा तोच ठिपका. इतक्या लोकांनी शर्ट बदलले, कोणाच्या बापाला माझी हनुवटी दिसली नाही. मलाच दिसली नाही, दुसऱ्याला काय बोलू.

तिसऱ्या फोटोत माझ्या शेजारी उभ्या प्र.वर तिनं बोट ठेवलं. "अन् शेवटच्या दिवशी याचा हात साजरा दिसून राह्यला. मंग बोट कवा लागली?"
मी म्हटलं, फोटो मागेपुढे झाले असतील. नंदा उठून आत गेली.

२१ ऑक्टोबर
वं.ला सांगितलं. विहिरीवर, मोटर चालू ठेवून, म्हणजे मायला ऐकू जाऊ नये. तीन शर्ट, बक्कल, रक्त, सगळं. माझं सोडून.
तिनं ऐकून घेतलं. "तुले त्या म्हाताऱ्याच्या वक्तीच दिसलं होतं ना? रांगेतल्या?"
म्हटलं, हाव.
"अन् तरी सुपारी फोडली."
मोटर बंद करून ती गेली. रांगेची गोष्ट मीच घरी हसत हसत सांगितली होती, आठवलं.

२९ ऑक्टोबर
प्र.कडे गेलो. गोडाऊनमध्ये बोलू म्हणाला. म्हटलं, सुपारी परत घे, आमची पोरगी नाही म्हणते. आधी हसला. मग म्हणाला, "पोट्टी नाई म्हणते का तू? तुह्या बायकोले सांगू काय, काचेमांगची कोन निवडली होती तू?"
म्हटलं, सांग.
मला वाटलं नव्हतं मी असं म्हणेन. त्यालाही वाटलं नसावं. त्याच्या दोन हमालांनी मला पोत्यांवर दाबून धरलं आणि त्यानं तोच शटरचा आकडा आणला. पहिला खांद्यावर. दुसरा बरगडीत. तिसऱ्याला मी तोंड फिरवलं, कानामागे लागला. मी आईच्या नावानं ओरडलो, लाज वाटायला शुद्ध नव्हती. मग पोत्यासारखं ओढून रस्त्यावर टाकलं.

३ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितोय. गळ्याच्या खालचं हाड मोडलं, दोन बरगड्या.

त्यानं सांगण्याआधी नंदाला मीच सांगितलं. ती भाकरी थापत होती. तापलेला तवा उचलून तिनं माझ्यावर फेकला, वाचलो, चुलीमागची भिंत काळी झाली. मग काठवट, मग पाण्याचा तांब्या. तांब्या लागला. मला बरं वाटलं, खरंच. ती सोनाळ्याला माहेरी गेली. लेकरू घेऊन गेली.
माय म्हणते, पुरुषमाणसाकडून होतं, एवढ्यासाठी सोयरीक मोडतात का? तिला मी काय बोलू.

८ नोव्हेंबर
हाडाच्या डॉक्टरकडे बाकावर शेजारी धामणगावचा तो म्हातारा. खांदा वाकडाच जुळला त्याचा, अजून शेकायला येतो. माझा हात अडकवलेल्या पट्ट्याकडे पाहत राहिला.
"तुमालेई तोच आकडा काय?"
मान हलवली. त्यानं खिशातून कपाशीचं बोंड काढून फोडलं. आत गुलाबी अळी, सरकी खाऊन फस्त. त्याच वाणाचं, रांगेतलं. "यासाठी मार खाल्ला मी," म्हणाला, आणि अळी आमच्या बाकावर चिरडली. वाण मीही विकलंय. त्याला ते माहीत नसावं, किंवा असावं.

१३ नोव्हेंबर
प्र.च्या काकांचा निरोप. रविवारी मलकापूरला समाजाची बैठक. सोयरीक मोडायची तर कारण सांगा, नाहीतर पोरीत खोट आहे असं आम्ही समजू आणि तसंच सांगू. रफीकभाईंना फोन केला. "बुलाओगे तो आऊंगा," म्हणाले. "मेरी तो कसम भी नहीं है." पण समाजाच्या बैठकीत त्यांना बसू देतील का, हा प्रश्न.
सहलीतल्या बाकीच्यांना विचारलं. एकानं फोन उचलला, तो म्हणाला, प्रसादाला हात लावलाय, राजू.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बैठक उद्या. वं. म्हणते तीही येणार, अल्बम घेऊन. बायकांनी बैठकीत बसायची रीत नाही म्हटलं, तर म्हणाली, "रीतीत तं लय काही नाई, दादा."

मग म्हणाली, ते पहिलं हेच विचारतील की तू तिथे काय करत होता. तेव्हा पहिलं तुझं सांग. त्याचं मागून. तुझं लपवलं तर त्याचं कोणी मानणार नाही.
सगळ्या समाजापुढे. नंदाचे वडीलही येणार आहेत.
"हो" म्हटलं नाही अजून.

आत्ता ती माझा पिवळा शर्ट इस्त्री करतेय. हाच घाल म्हणते, फोटोतला, म्हणजे एकाच सकाळी तीन दिवस कसे झाले ते दाखवता येईल. हात पट्ट्यात, बाही चढवायलाही तीच लागणार.
"त्या बाईचं नाव काय व्हतं?" इस्त्री थांबवून तिनं विचारलं.
"माहीत नाई."
"तुह्या वालीचं?"
तेही नाही. तिनं म्हैस दाखवली होती, नाव मी विचारलं नाही.
वं.नं कॉलरवर पाणी शिंपडलं आणि परत इस्त्री फिरवायला लागली. उद्या सकाळी दाढी न्हाव्याकडून करून घे म्हणते, डाव्या हातानं कापून घेशील.