सांडव्याखालचा मरळ

शनि., ८ नोव्हें.

आला. गळाच्या रबरी बेडकाच्या मागे, वीतभर अंतर ठेवून, थेट काठापर्यंत. रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढला. पहिल्या वळणाला तो बरोबर फिरला. दुसऱ्याला थांबला. माझ्याकडे पाहिलं असं लिहिणार होतो. तसं काही नाही. थांबला आणि खाली गेला.

आठचा आकडा एका अमेरिकन माणसाच्या व्हिडिओतला. तिकडे धरणांखालच्या छोट्या नद्यांत मस्की नावाचा मासा असतो. तोही असाच मागे येतो आणि घेत नाही. तो माणूस दिवसभर हसत असतो.

फेकी ६०. मागे आला १. धरला ०.

रहमत (धरणाचा वॉचमन, पाकिस्तानातल्या स्वातचा) वरून ओरडला, "साब, ये मछली आपका रिश्तेदार है क्या? हर हफ्ते मिलने आते हो."

हो म्हणालो.

रवि., ९ नोव्हें.

आज गळ नेला नाही. फक्त पाय बुडवून बसलो.

वरच्या डबक्यात, धरणाच्या भिंतीखाली: वीस मिनिटं. काही नाही.

खालच्या डबक्यांत, अर्धा किलोमीटर पुढे, खजुरांच्या बागेपाशी: एका मिनिटात आले. बोटाएवढे मासे. टाचांना टोचत राहिले.

चार वर्षांपूर्वी वरच्या डबक्यातही असेच टोचायचे.

मधे कोरडे गोटे आहेत, मरळ खाली पोचत नाही, म्हणून खालचे अजून आहेत. पाऊस आला, धरण भरून सांडव्यावरून वाहिलं, की मधे कोरडं काही उरणार नाही. गेल्या चार हिवाळ्यांत वाहिलं नाही.

म्हणजे पावसाआधी धरायला हवा.

शनि., १५ नोव्हें.

फेकी ८५. मागे ०. धरला ०.

दर आठ-नऊ मिनिटांनी वर येतो, हवेचा घोट घेतो, जातो. मरळाला श्वास घ्यावाच लागतो. जागा मात्र दर वेळी वेगळी. वाळलाय. डोकं तेवढंच, मागचं अंग आकसलेलं. आता बहुतेक बेडकांवर जगतो.

जाळं टाकून पाहिलं. खडकाखाली पोकळी आहे, तिथे अडकलं, फाटलं.

घरी सुलभा: "बंदरावर सुरमई ढिगानं पडलीय आणि तुम्ही डबक्यात. आलात ते आलात, निदान चपला तरी बाहेर काढा."

बुध., १९ नोव्हें.

कामावर, फुजैराच्या टर्मिनलवर, दोन जहाजं एकदम. कागदपत्रं संध्याकाळपर्यंत.

मधल्या वेळात पर्यावरण खात्याला मेल लिहायला घेतला. जागा, खुणा, माशाची जात, लांबी अंदाजे. 'हा मासा येथे कसा आला' इथपर्यंत नीट लिहिलं.

ड्राफ्टमध्ये आहे.

शनि., २२ नोव्हें.

फेकी ७०. मागे २. धरला ०.

कसा आला ते इथे तरी लिहावं.

जुईनं, आमच्या मुलीनं, आणला तेव्हा बोटाएवढा होता. ती नववीत. नाव ठेवलं बिस्किट. काचेवर नखानं टकटक केलं की वर यायचा, तिच्या हातून कोळंबी घ्यायचा. बारावी होईपर्यंत टाकीत वळता येईना. ती दुबईला कॉलेजात निघाली. सुलभा म्हणाली, दुकानात परत द्या. मी म्हणालो, नको, पुन्हा टाकीच. मोकळ्या पाण्यात सोडू.

विसर्जनाच्या निळ्या बादलीतून नेला. इथे गणपती त्याच बादलीत, बाल्कनीत. जुईनं बादली कलती केली आणि रडता रडता म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर या!" आम्ही तिघंही हसलो. सुलभानं हात जोडले. "सुटला बिचारा."

परत येताना मी गाडीत गाणं म्हणत होतो. कोणाला तरी जीवदान दिलं होतं. बरेच दिवस बरं वाटत होतं.

मंगळ., २ डिसें.

अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. धरणावर गर्दी, झेंडे, कोळशाचा धूर. गळ गाडीतून काढलाच नाही.

जुईला फोन केला. ती आता दुबईतच, इन्व्हेस्टमेंट्स पार्कात नोकरीला. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मग: "ऑल ऑफ देम? बाबा, ऑल?"

वरच्या डबक्यातले सगळे.

"अँड यू न्यू सिन्स व्हेन?"

दोन वर्षं म्हणालो. शनिवारी येते म्हणाली.

शनि., ६ डिसें.

जुई आली. रहमतनं तिला आधी ओळखलं नाही. मग म्हणाला, "बेबी इतनी बड़ी हो गई! साब, अब तो मछली भी मान जाएगी, इन्शाल्ला."

गळ नको म्हणाली. निळी बादली मागितली. "यल्ला, चल बाबा, तू जाळं धर आणि हलू नकोस." काठावर उकिडवी बसली, बादली अर्धी पाण्यात धरली आणि कडेवर नखानं टकटक केलं. तीन, थांबून तीन.

दहा मिनिटं. पंधरा.

आला. बेडकामागे येतो तसा नाही. सरळ आला, बादलीशी थांबला. मी लांब दांड्याचं जाळं त्याच्या खाली सरकवलं. त्याला कळलं नाही, किंवा कळूनही हलला नाही. डोक्यावरचे खवले दिसत होते.

जुई टकटक करत होती. वर न बघता म्हणाली, "अँड देन? घरी नेणार?"

टाकी कधीच विकली. घर दोन खोल्यांचं.

"बाबा. देन व्हॉट?"

हो, घरी, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द.

म्हणालो, "मारावा लागेल."

तिचा हात थांबला. बोट कडेवरच होतं. मासा थांबून राहिला. वर आला, हवेचा घोट घेतला, पुन्हा तिथेच. जाळं त्याच्या खाली होतं. माझ्या हातात होतं. मी ते उचललं नाही. किती वेळ ते सांगता येत नाही, पण पुरेसा वेळ होता.

मग वळला आणि खडकाखाली गेला.

जुई म्हणाली, "आय स्टॉप्ड. सॉरी." मी म्हणालो, तुझं काही नाही. हे खरं आहे. परत निघालो. फुजैरा येईपर्यंत बादली मागे खडखडत होती.

रवि., ७ डिसें.

जुईला सकाळच्या बसला सोडून एकटा गेलो. टकटक. तीन, थांबून तीन. दोन तास.

दूर, पलीकडच्या काठाशी हवा घ्यायला आला. तेरा वेळा मोजला. इकडे नाही.

माझं नख वेगळं वाजत असावं.

गुरु., ११ डिसें.

हवामानाचा इशारा आला. शनिवार-रविवार डोंगरात जोराचा पाऊस. ऑफिसात सगळे खूश. भजी कोण आणणार यावर चर्चा.

उद्या अर्धा दिवस. दुपारी जाता येईल.

शुक्र., १२ डिसें.

फेकी १४०. उजेड जाईपर्यंत. मागे १. धरला ०.

मागे आला तेव्हा आठचा आकडा काढला. तीन वळणं फिरला. आजवर सगळ्यांत जास्त.

शनि., १३ डिसें.

फाटक बंद. वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, उतरायला मनाई. डोंगरांवर काळं, वारा थांबलेला. रहमतला म्हणालो, अर्धा तास दे फक्त.

"नहीं साब. ऊपर से ऑर्डर है. पानी आया तो आप भी गए, मेरी नौकरी भी." मग जरा मऊ होऊन: "छोड़ो ना. अब खलास. एक मछली है."

एकच आहे, हे मीही स्वतःला सांगत आलोय. जोडी नाही, पिल्लं होणार नाहीत. वरचं डबकंही एकट्यानंच संपवलं.

काचेवर थेंब पडायला लागले तसा निघालो. खजुरांच्या बागेपाशी गाडी थांबवली. उतरून पाय बुडवले. आले, लगेच. टोचत होते. पावसाचा जोर वाढला तरी थोडा वेळ बसलो.

घरी सुलभानं टॉवेल दिला.

रवि., १४ डिसें., सकाळ

पाऊस थांबलाय. सात वाजता रहमतचा फोन. सांडवा पहाटेपासून वाहतोय, वरचं डबकं दिसत नाही, बागेपर्यंत सगळं एकच पाणी. रस्ता बंद आहे. जुईचा मेसेज: "एनीथिंग?" बादली गाडीत आहे.