लीख नखावर वाजते

वर्तकनगर, ठाणे
१४ मे २०२४

चि. सौ. दर्शना हीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझा सख्खा भाऊ असून रवीही तुझीच री ओढतो.

सान्वीचे केस मी कापले ते उवांमुळे. सुट्टीला आली त्याच दिवशी वेणी घालताना कानामागे पांढरे ठिपके दिसले. कंबरेपर्यंतच्या केसांत फणी घालून बसायला मला सवड नव्हती. शिकवणीच्या मुलींनाही उवा झाल्या असत्या. मानेपर्यंत आणले. केस काय, वाढतात. तुमच्या दिवा गावात नळाला पाणी नाही, पोर न्हाणार कधी? पण तेवढ्यावरून तिला तडक घेऊन जायचे कारण नव्हते.

राग निवळला की दोन ओळी टाक.

मालन

दिवा
२० मे

ती. वन्संना दर्शनाचा शि. सा. न.

पत्र पोचलं. डॉक्टरांनी भिंग धरून पाहिलं. सान्वीच्या डोक्यात कोंडा आहे, उवा नाहीत. वन्सं, मी नवी नवरी होते तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत, की कोंडा झटकला तर पडतो. लीख केसाला चिकटून राहते, आणि दोन नखांत धरली की टचकन वाजते. त्या दिवशी काही वाजलं का, तेवढं कळवा.

पाण्याचं म्हणाल तर टँकर येतो, आम्ही न्हातो. आणि उवा न्हालेल्या डोक्यातही होतात. डोक्याला डोकं लागलं की झालं.

सान्वी घरातही रुमाल बांधून बसते. आत्यानं एकदा विचारायचं तरी, एवढंच म्हणते. पुन्हा ठाण्याला राहायला जायचं नाही म्हणते. मी तिची समजूत घालणार नाही.

तब्येतीला जपा.

दर्शना

वर्तकनगर
२९ मे

चि. सौ. दर्शना हीस आशीर्वाद.

काही वाजले नाही. मी नखावर धरलेच नाही. दिव्याहून आली म्हणजे उवाच, असे ठरवून कात्री घेतली.

आता माझेच डोके खाजते आहे. आज ओल्या केसांतून फणी फिरवली, तर कागदावर उवा चालू लागल्या. एक लीख नखावर धरली. वाजली. शिकवणीच्या मुली माझ्या डोक्याला डोके लावून वहीत बघतात, तिथूनच आल्या. सान्वी माझ्या उशीवर निजली होती, तेव्हा तिचे डोके पुन्हा बघ. फणी, टॉवेल वेगळे ठेव. रॉकेल मात्र लावू नकोस. मी औषध आणले आहे, ते आठवड्याने पुन्हा लावायचे. पण मानेमागचे मला दिसत नाही, आणि इथे बघणारे कुणी नाही.

तिची वेणी रिबिनीसकट कपाटात आहे. टाकवत नाही.

माया ठेवा म्हणण्याचे तोंड नाही. तरी म्हणते.

मालन

दिवा
२ जून

प्रिय आत्या, सा. न.

आईनं पाहिलं. माझ्या डोक्यात उवा नाहीत. येत्या रविवारी बाबांबरोबर मी येते. तुझ्या मानेमागचं मी बघेन. लीख नखावर कशी धरायची ते आईनं शिकवलंय. राहणार नाही, संध्याकाळी परत जाणार. आणि कात्री शेजारच्या काकूंकडे ठेवून ये.

केस वाढतात असं तू लिहिलं होतंस. अजून वाढले नाहीत.

तुझी
सान्वी